तुम्ही विचारलंत म्हणून: ही नवीन नवीन गाणी मला सापडतात कुठून

"तुका ही असली गाणी गावतत खय रे?" हे मला सारखं कोणी ना कोणी विचारत असतं, कधी भाची, कधी गाडीत शेजारी बसलेला मित्र, आणि असली म्हणजे काय तर ज्यांचं नावही आपल्या कुडाळ-सावंतवाडीकडे कोणी ऐकलेलं नाही असे इंडी (मोठ्या कंपनीशिवाय स्वतःच गाणी काढणारे) बँडवाले आणि सोल गाणारे. एरवी मी लिंक पाठवून मोकळा होतो, आज नीट सांगतो.

अ‍ॅपमधली दर सोमवारची डिस्कव्हर वीकली (स्पॉटिफायने काढलेली गाण्यांची यादी) मीही ऐकतो, वाईट नसते, पण आधी जे ऐकलंय त्याच्याच आसपास ती फिरत राहते. माझी खरी पद्धत डबलबारीतून, म्हणजे दोन भजनीबुवांच्या सामन्यातून, आलेली आहे. डबलबारीचा बॅनर लागला की जाणकार माणूस दोन बुवांची नावं वाचतो आणि लगेच खाली बघतो, पखवाजाला कोण, तबल्याला कोण. बुवा ओळ टाकतो, मागची मंडळी ती उचलतात, लय चढत जाते, आणि तो चढ पखवाजवाल्याच्या हातात असतो हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही कळतं. म्हणून लोक एखाद्या पखवाजवाल्यासाठी अनोळखी बुवाच्या बारीला जातात आणि त्यांना नवा बुवा सापडतो. बस, मी हेच करतो. गाणं आवडलं की गायकाला बाजूला ठेवायचं आणि मागे कोण वाजवतंय ते बघायचं.

सोल म्युझिकला तर ही पद्धत चपखल बसते कारण ते गाणं आलंय कृष्णवर्णीय अमेरिकन लोकांच्या चर्चमधून, सोलची मोठी गायिका अरेथा फ्रँकलिन लहानपणी डेट्रॉइटला वडिलांच्या चर्चमध्येच गायची, आणि तिथेही एक जण ओळ म्हणतो आणि बाकीचे उत्तर देतात. भजन ऐकत वाढलेल्या कानाला ते परकं वाटत नाही, निदान मला तरी पहिल्यापासून घरचं वाटलं.

आता प्रत्यक्ष कसं ते सांगतो. ब्रिटिश गायिका एमी वाईनहाऊसचा 2006 चा अल्बम 'बॅक टू ब्लॅक' बऱ्याच जणांनी ऐकलाय. त्यातल्या अनेक गाण्यांत वाजवणारी मंडळी म्हणजे डॅप-किंग्ज, आणि ड्रमला होमर स्टाईनवाइस. हे डॅप-किंग्ज मुळात सोल गायिका शेरॉन जोन्सचा बँड, ब्रुकलिनच्या डॅपटोन नावाच्या छोट्या लेबलचा (म्हणजे रेकॉर्ड कंपनीचा), जिथे आजच्या जमान्यातही सगळे एका खोलीत बसून टेपवर रेकॉर्ड करायचे. शेरॉन जोन्स आधी तुरुंगात गार्ड होती, तिचा पहिला अल्बम चाळिशी उलटल्यावर आला. तिच्यावरून त्याच लेबलचा चार्ल्स ब्रॅडली सापडतो, बरीच वर्षं स्वयंपाकी म्हणून राबला, रात्री सोलचा बडा गायक जेम्स ब्राऊनची नक्कल करून गायचा आणि स्वतःचा पहिला अल्बम निघाला 2011 मध्ये, वयाच्या 62 व्या वर्षी. (नवा कलाकार म्हटलं की आपण विशीतलाच पोरगा का शोधतो कळत नाही. जत्रेत आपण ज्यांना ऐकतो त्यातले कितीतरी बुवा साठीचे असतात आणि मुंबईतल्या माणसासाठी ते अगदी नवेच असतात.)

ते दोघेही आता नाहीत, शेरॉन 2016 ला गेली, चार्ल्स 2017 ला. पण धागा पुढे जातो. डॅपटोनवाल्यांनी कॅलिफोर्नियात रिव्हरसाइडला पेनरोझ नावाचं धाकटं लेबल काढलं आणि तिथे मला दी सेक्रेड सोल्स मिळाले, सॅन डिएगोची तरुण पोरं, पहिला अल्बम 2022 चा. त्यांचा गायक जॉश लेन, त्याचा आवाज इतका मऊ लागतो आणि ड्रम इतका आवरून वाजतो की काठी टेकल्याचा नुसता टक ऐकू येतो, हे गाणं फोनच्या स्पीकरवर ऐकू नका, इअरफोन घाला आणि पाऊस थांबल्यावर ऐका, पत्र्यावर सर कोसळत असताना ते ऐकूच येत नाही.

हे सगळं अवघड नाही. स्पॉटिफायवर गाण्याच्या तीन टिंबांत क्रेडिट्स असतात. बँडकॅम्प या गाणी विकणाऱ्या साइटवर तर अल्बमच्या खाली तो विकत घेतलेल्या लोकांचे छोटे फोटो दिसतात, त्यातल्या कोणावरही बोट ठेवलं की त्याने अजून काय काय घेतलंय ते उघडतं, आणि ज्याने स्वतःचे पैसे मोजलेत त्याच्या कानावर माझा जास्त विश्वास आहे. तिथे विकत घेतलेलं गाणं डाऊनलोड होऊन आपल्याकडे राहतं, जुलैत लाईट आणि टॉवर दोन्ही गेले तरी वाजतं. शिवाय पैसे. 2024 पासून स्पॉटिफायवर वर्षभरात 1000 वेळा न वाजलेल्या गाण्याला रॉयल्टीच मिळत नाही, म्हणजे जो अगदी नवा आहे त्याच्याच हातात काही पडत नाही, याचा मला मनापासून राग येतो. बँडकॅम्प डिजिटल विक्रीवर साधारण 15 टक्के घेतं आणि 2020 पासून अधूनमधून एखाद्या शुक्रवारी तेही सोडून देतं, माझी खरेदी शक्यतो त्याच शुक्रवारी.

आपल्या देशातलं शोधायचं तर फेस्टिवलची पोस्टरं खालून वर वाचा. पुण्याचा एनएच7 वीकेंडर 2010 ला सुरू झालेला, अरुणाचलचा झिरो 2012 पासूनचा, त्यांची जुनी पोस्टरंसुद्धा नेटवर आहेत. मोठ्या अक्षरातली नावं तुम्हाला माहीत असतात, तळाच्या बारीक अक्षरातला एकेक बँड काढून ऐका, चार सोडून द्याल, पाचवा ठेवाल.

कोणापासून सुरुवात करू म्हणाल तर पुण्याचे ईझी वाँडरलिंग्स घ्या, सोल आणि फोकच्या मधलं हलकं गाणं आहे, घरात सगळ्यांना चालतं. मग दिल्लीचे पीटर कॅट रेकॉर्डिंग कंपनी, आणि त्यांचा गायक सूर्यकांत साहनी 'लिफाफा' या नावाने एकटा जे हिंदीत करतो ते. आणि आवडलं तर त्यांना इन्स्टावर दोन ओळी लिहा, मोडकं इंग्रजी चालतं. लहान कलाकार मेसेज बरेचदा स्वतः वाचतात, तुमच्या गाण्यात बास कोण वाजवतं असं विचारलंत तर खूश होऊन सांगतात, आणि सोबत मित्रांच्या एकदोन बँडची नावंही देतात.