1951 चा ट्रक, जो 1951 चा असूच शकत नव्हता

ट्रक ताब्यात आला तेव्हा त्याच्या कागदांवर बनावटीचे वर्ष 1951 होते. ट्रक जीएमसी सीसीकेडब्ल्यू 353, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातला अमेरिकन अडीच टनी, पुढची-मागची सगळी चाके ओढणारा. या ट्रकचे उत्पादन 1945 मध्येच थांबले. त्यामुळे कागद चुकला आहे, एवढे पहिल्याच दिवशी कळले. खरे वर्ष शोधायला मात्र आठ महिने लागले.

1951 आले कुठून, ते डॅशबोर्डवरच होते. चार स्क्रूंनी बसवलेली एक छोटी पितळी पट्टी आणि तिच्यावर ठोकलेले महिना-वर्ष. ती पुनर्बांधणीची पट्टी होती. युद्धानंतर सैन्याच्या डेपोंमध्ये असे ट्रक पार सुटे करत. इंजिने एकीकडे, गिअरबॉक्स दुसरीकडे, अॅक्सल तिसरीकडे. प्रत्येक भाग दुरुस्त होऊन साठ्यात जाई आणि जोडणीच्या वेळी हाताशी येईल तो बसवला जाई. सैन्याला चालणारा ट्रक हवा होता. कोणाचे इंजिन कोणाच्या चासीवर गेले, याने काही अडत नव्हते. पुढे कधीतरी कोणी ती पट्टी वाचून कागदावर उतरवली आणि दुरुस्तीची तारीख हीच ट्रकची जन्मतारीख होऊन बसली.

नावातल्या अक्षरांनीही चकवा बसतो. पहिला ‘सी’ म्हणजे 1941, पण ते रचनेचे वर्ष आहे. दुसरा ‘सी’ नेहमीच्या पद्धतीच्या केबिनसाठी, ‘के’ पुढच्या चाकांच्या ओढीसाठी आणि ‘डब्ल्यू’ मागच्या दोन अॅक्सलसाठी. 1945 मध्ये बाहेर पडलेल्या ट्रकवरही तोच पहिला ‘सी’ असतो.

मी इंजिनापासून सुरुवात केली. ब्लॉकवरचे ग्रीस आणि रंगाचे थर खरवडल्यावर ओतकामातच उठवलेली खूण दिसली: ‘डी 12 4’. जीएमसी ज्या कंपनीची, त्या जनरल मोटर्सच्या पद्धतीत अक्षर म्हणजे महिना, ए जानेवारी, बी फेब्रुवारी, असे. म्हणून 12 एप्रिल, आणि वर्षाचा शेवटचा आकडा 4. मला वाटले, 1944, काम झाले. पण हे 270 घनइंचांचे सहा सिलिंडरचे इंजिन युद्धानंतरही जीएमसीच्या नागरी ट्रकांत बसत होते, म्हणजे तो 4 नुसता पाहून 1954 चाही असू शकतो. ब्लॉकच्या ओतकामाचा क्रमांक ताडून 1944 पक्के झाले. तरीही ते ब्लॉक ओतल्याचे वर्ष होते. हा ब्लॉक या चासीवर मुळातच बसला होता, याला काहीच पुरावा नव्हता.

खरी ओळख चासीवर असते. क्रमांक लोखंडात ठोकलेला असतो, पुढच्या भागात, आणि त्यावर सैन्याच्या रंगाचे कितीतरी थर. इथे एक विनंती: ग्राइंडर लावू नका, वाळूचा मारा तर नकोच. ठोकलेले आकडे उथळ असतात. गंजाबरोबर तेही जातात आणि परत येत नाहीत. मी पेंट रिमूव्हर लावून, थांबून, लाकडी पट्टीने रंग उचलला, मग पितळी वायर ब्रश हलक्या हाताने फिरवला. दिवसा काही दिसेना. रात्री टॉर्च चासीला जवळजवळ टेकवून तिरपा उजेड पाडला, तेव्हा सावल्या उभ्या राहिल्या. वर खडू घासून पुसला, आकड्यांच्या खाचांत पांढरे राहिले. दोन आकडे तरी संशयाचे होते. पातळ कागद ठेवून पेन्सिल घासली, तीन रात्री तीन ठसे घेतले, आणि तिन्ही जुळल्यावरच तो क्रमांक लिहून ठेवला. त्या रात्री मी बराच वेळ ट्रकजवळच बसून होतो.

हे ट्रक मिशिगनमधल्या पॉन्टिॲकला आणि सेंट लुईसच्या शेवरोले कारखान्यात बनत. चासी क्रमांक उत्पादनाच्या महिनावार तक्त्यांशी लावल्यावर 1943 चा पूर्वार्ध निघाला. म्हणजे 1944 चे इंजिन नंतर बसवलेले. केबिन पत्र्याची, बंद. कॅनव्हास छताची उघडी केबिन युद्धाच्या उत्तरार्धातली, त्यामुळे तेही विसंगत नाही. हौदा नंतर कधी बदललेला, त्यावर वेळ घालवला नाही.

बॉनेटवरचा सैन्याचा नोंदणी क्रमांक शोधण्यात मात्र आठवडे गेले. ओल्या वॉटर पेपरने, पाण्याची धार सोडत, एकेक थर उतरवत गेलो. आधी पांढरे आकडे लागले आणि त्यांच्याखाली निळसर करडे. युद्धाच्या सुरुवातीला नोंदणी क्रमांक याच निळसर रंगात लिहीत. क्रमांक 4 ने सुरू होत होता, अडीच टनी वर्गाला शोभेल असा. मी आनंदाने तो ताडून पाहिला, तर तो ज्या क्रमांकांच्या गटातला होता, तो गट वेगळ्याच कंत्राटाचा निघाला. बॉनेट दुसऱ्या ट्रकचे! थोडा वेळ वाईट वाटले. पण चासीच्या तारखेला त्याने बाधा येत नाही, आणि डेपोत काय घडले त्याचा इतका स्पष्ट पुरावा मला दुसरा मिळाला नव्हता. बॉनेटवरचा आकड्यांचा तो चौकोन मी तसाच ठेवला आहे, त्यावर फक्त पारदर्शक वार्निशचा हात दिला.

मूळ माहितीपट्ट्या ग्लोव्ह बॉक्सच्या झाकणावर असायच्या. आता तिथे नुसती भोके आहेत. अशा पट्ट्यांच्या नव्या प्रती मिळतात आणि त्यांवर सैन्याला ट्रक सोपवल्याच्या तारखेचा रकाना असतो. जोडणी एका दिवशी होते आणि ताबा त्यानंतर. माझ्याकडे यांपैकी एकही दिवस नाही. मी नवी पट्टी घेतली, चासी क्रमांक ठोकला आणि तारखेचा रकाना कोरा सोडला. 1951 ची पितळी पट्टी होती तिथेच, त्याच चार स्क्रूंवर आहे. कागदावरचे वर्ष दुरुस्त करण्यासाठी तिन्ही ठसे आणि फोटो जोडून अर्ज दिला आहे, त्यात ‘1943, चासी क्रमांकावरून’ एवढेच लिहिले आहे.