बर्फात भीती कशाची वाटते?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. चोपड्यात, भुसावळ स्टेशनावर, लग्नाच्या पंगतीत, सगळीकडे हाच प्रश्न येतो: "मे महिन्यात ४५ अंशांत राहणारा माणूस तू, त्या बर्फात भीती कशाची वाटते?" विचारणाऱ्याला वाटतं, मी थंडी म्हणेन. मी म्हणतो, पाण्याची.

मार्चअखेरीला आम्ही चौघं मनालीच्या वर, सोलंग खोऱ्यातून धुंदीच्या पुढे ब्यास कुंडाच्या वाटेला लागलो होतो. दोघं स्कीवर, दोघं स्नोशूवर. स्नोशू म्हणजे बुटाखाली बांधायची रुंद चौकट. तिच्यामुळे वजन पसरतं, पाय मांडीपर्यंत रुतत नाही. चढताना स्कीच्या तळाला स्किन नावाची पट्टी चिकटवतात. तिचे केस एकाच दिशेला झोपलेले असतात, म्हणून स्की पुढे सरकते पण मागे घसरत नाही. बैलाच्या पाठीवरून उलटा हात फिरवून बघा, लगेच कळेल.

हे सगळं दोन दिवसांत अंगवळणी पडतं. नाला मात्र दर वेळी नवा असतो.

आमचं शेत अनेरच्या काठाला. इथे कडक ऊन असताना सातपुड्यात पाऊस झाला की बघता बघता पाणी येतं. आजोबा पाण्याच्या अगदी कडेला एक दगड ठेवायचे आणि बिडी ओढत बसायचे. दगड बुडाला तर पाणी चढतंय, उघडा पडला तर उतरतंय. "पानी उतरू दे, मंग जाय," एवढंच म्हणायचे.

त्या दिवशी नाल्याशी पोचलो तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. दोन्ही बाजूंना कमरेएवढ्या बर्फाच्या कडा, मधून फेसाळतं पाणी. थोडं वर बर्फाचा पूल होता. त्यावर काठी टोचली तर ती अर्धी आत गेली, आणि खालून पाण्याचा आवाज स्पष्ट येत होता. असा पूल पहाटे दगडासारखा कडक असतो, दुपारच्या उन्हानं भुसभुशीत होतो. पाण्याचंही तसंच. दिवसा वरचा बर्फ वितळतो म्हणून दुपारनंतर पाणी वाढतं, रात्री गोठलं की उतरतं. पाण्याच्या कडेला मी काठी रोवली आणि आम्ही उताराखालची जागा टाळून तंबू ठोकला. सकाळी पाणी काठीच्या चार बोटं खाली गेलं होतं.

तरी पुलावर भरवसा नव्हता, पाण्यातूनच गेलो. स्कीच्या बुटाचा आतला मऊ भाग काढून पिशवीत ठेवायचा आणि नुसतं कडक कवच घालून उतरायचं, म्हणजे पलीकडे कोरडं काहीतरी उरतं. स्किन जॅकेटच्या आत, कारण ओली झाली की ती चिकटत नाही. पाठीवरच्या पिशवीचा कमरपट्टा सोडायचा, म्हणजे पडलात तर ती झटकता येते. तोंड प्रवाहाच्या वरच्या अंगाला, काठ्या पुढे रोवलेल्या, आणि आडवं, एकेक पाऊल.

मधल्या गोट्यावरून माझा पाय निसटला. गुडघ्यावर आलो, पाणी छातीपर्यंत उडालं. लोकरीच्या आत मी घरचं सुती बनियन घातलं होतं. तीन पिढ्या कापूस पिकवणारं आमचं घर, सुती कपड्यात काही वावगं असेल हे मनातच आलं नाही. लोकर ओली झाली तरी थोडी ऊब धरते. कापूस पाणी पिऊन अंगाला चिकटतो, आणि पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगानं अंगातली उष्णता ओढतं. काठावर आलो तेव्हा मला चेन धरता येईना. बोटं माझीच, पण ऐकत नव्हती. सोबतच्या धुळ्याच्या ताईंनी जॅकेट उघडलं, बनियन सोडवून काढलं, स्वतःचा कोरडा लोकरी सदरा माझ्या डोक्यातून घातला आणि गुळाचं गरम पाणी पाजलं. तासाभरानं दात वाजायचे थांबले.

घरी आल्यावर वडिलांना सगळं सांगितलं. बनियनचं ऐकून ते काही बोलले नाहीत. मग विचारलं, खुणेला काय ठेवलं होतं? काठी, मी म्हणालो.

"काठी हालस," ते म्हणाले. "दगड ठेवाले पाहिजे व्हता."