पीटीएसडी आणि एक्स्पोजर थेरपी : त्रास होतो, पण काम करते

एखाद्यावर फार वाईट प्रसंग गुदरला की घरचे सगळे तो विषयच टाळायला लागतात, 'विसरून जा', 'कशाला ते परत उकरून काढतोस', आणि हे प्रेमापोटीच असतं यात शंका नाही. पण पीटीएसडीबद्दल (वाईट प्रसंग होऊन गेल्यावरही त्याच्या आठवणी आणि भीती पाठ सोडत नाहीत तो मानसिक आजार) जेवढं वाचलंय त्यावरून मला ठाम वाटतं की हे टाळणंच त्या आजाराला खतपाणी घालतं.

म्हणजे बघा, अपघात झालेला माणूस आधी गाडी चालवणं सोडतो, मग तो रस्ता सोडतो, मग नुसता ब्रेकचा आवाज आला तरी छातीत धस्स होतं म्हणून घराबाहेर पडणंच सोडतो. दरवेळी टाळलं की तेवढ्यापुरतं हायसं वाटतं आणि मेंदू धरून बसतो की टाळलं म्हणूनच वाचलो. धोका केव्हाच संपलाय हे त्याला कळायला वावच राहत नाही.

एक्स्पोजर थेरपी नेमकी इथे हात घालते. यातला सगळ्यात अभ्यासलेला प्रकार म्हणजे अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ एडना फोआ यांनी विकसित केलेली प्रोलाँग्ड एक्स्पोजर. साधारण 8 ते 15 सेशन्स, बहुतेक 90 मिनिटांची. डोळे मिटून तो प्रसंग आत्ता घडतोय असा सांगायचा, 'मी रस्ता ओलांडतोय, उजवीकडून लाईट येतोय', आणि संपला की परत पहिल्यापासून. मधेमधे थेरपिस्ट विचारतो, शून्य ते शंभरमध्ये आत्ता त्रास किती? ते सगळं रेकॉर्ड होतं आणि घरी जाऊन रोज ऐकायचं असतं (हा होमवर्क वाचूनच माझ्या अंगावर काटा आला होता). शिवाय टाळलेल्या पण खरं तर सुरक्षित असलेल्या गोष्टींची चढत्या क्रमाने यादी करायची, आधी बंद गाडीत नुसतं बसायचं, मग कोणीतरी सोबत घेऊन छोटी चक्कर, असं करत करत वर जायचं. ढकलून दिलं आणि झालं, असं हे अजिबात नाही, वेग दोघं मिळून ठरवतात.

आता, उपयोग होतो का? होतो, आणि चांगला होतो. 2010 मध्ये 13 अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा ही थेरपी घेतलेला सरासरी पेशंट, तुलनेसाठी ठेवलेल्या गटातल्या 86 टक्के लोकांपेक्षा बऱ्या स्थितीत होता. पण नुसता हा आकडा सांगून थांबणं मला बरोबर वाटत नाही. 2007 मध्ये अमेरिकेत बहुतांशी माजी सैनिक असलेल्या महिलांवरचा मोठा अभ्यास आला, त्यात प्रोलाँग्ड एक्स्पोजर घेतलेल्यांपैकी 41 टक्के जणी पीटीएसडीच्या निकषांतून बाहेर आल्या, आणि आत्ताच्या अडचणींवर बोलणारी दुसरी थेरपी घेतलेल्यांमध्ये सुमारे 28 टक्के. फरक खरा आहे, पण निम्म्याहून जास्त जणींचं पीटीएसडीचं निदान तसंच राहिलं हेही खरंच आहे ना.

आणि सगळ्यात मोठी अडचण म्हणजे लोक मधेच सोडतात. 2022 मध्ये 916 माजी सैनिकांवरचा अभ्यास आला, त्यात या थेरपीतून जवळपास 56 टक्के लोक मधेच बाहेर पडले. सुरुवातीला काहींचा त्रास वाढतो, झोप उडते, आणि घरच्यांना वाटतं हे तर आणखी बिघडलं, बंद कर ते. हा वाढलेला त्रास बहुतेकदा तात्पुरता असतो हे थेरपिस्टने पहिल्याच दिवशी पेशंटला आणि पेशंटची हरकत नसेल तर घरच्यांनाही समजावून सांगायला हवं, माझं तर म्हणणं आहे की रेकॉर्डिंग ऐकायच्या वेळी घरात शांतता ठेवणं, सरावाला गाडीत शेजारी बसणं, एवढं जरी जवळच्यांनी केलं तरी ती मोठी मदत आहे.

ज्यांना सगळा प्रसंग परत परत सांगणं झेपतच नाही त्यांनी उपचारच नको म्हणून बसू नये, कॉग्निटिव्ह प्रोसेसिंग थेरपीमध्ये प्रसंगाचं सविस्तर वर्णन न करताही 'चूक माझीच होती' सारख्या विचारांवर काम करता येतं, ईएमडीआर (त्रासदायक आठवण मनात आणून त्याच वेळी डोळे ठरावीक पद्धतीने हलवायचे, अशी थेरपी) पण आहे, दोन्हींच्या मागे चांगले अभ्यास आहेत. थेरपिस्टला पहिल्याच भेटीत सरळ विचारा की तुम्ही यातलं काय शिकलायत आणि माझ्यासाठी काय सुचवाल.