कातळशिल्पं बघायला जाताय? दिवस एक, जागा चारच

मागच्या वर्षी मार्चमध्ये आम्ही दोघं मोबाइलच्या नकाशावर भरवसा ठेवून कोकणात राजापूर तालुक्यातल्या एका सड्यावर कातळशिल्पं, म्हणजे कातळात कोरलेली जुनी चित्रं, बघायला गेलो होतो. दुपारचे बारा वाजलेले. दीड तास भटकलो. एक बंद पडलेली चिरेखाण सापडली, आटलेलं तळं सापडलं, पण कातळशिल्प काही दिसलं नाही. ज्या जागेचा फोटो मी आधी दहादा बघितला होता, तिच्या अगदी जवळून आम्ही गेलो असणार. तशा उन्हात जांभा सपाट दिसतो. हजारो वर्षं झिजलेली रेषा आणि कातळाची नेहमीची भेग यांतला फरक नवख्या डोळ्याला कळत नाही.

म्हणून या डिसेंबरात वाटाड्या घेऊन गेलो. हे लिहितेय ते एवढ्याचसाठी, की मुंबई-पुण्याहून इतक्या लांब येणाऱ्या कुणाची आमच्यासारखी फरफट होऊ नये.

आम्ही चौघं: मी, नवरा, अकरा वर्षांची मुलगी आणि बाहत्तरीतले माझे सासरे. मुक्काम रत्नागिरीत होता. जिथे उतरलो होतो, तिथल्या काकूंनीच एका दादांचा नंबर दिला. दादा राजापूरकडचे. लहानपणी गुरं घेऊन याच सड्यांवर फिरलेले, आता स्वतःची गाडी चालवतात आणि माणसांना शिल्पं दाखवतात. मी त्यांना फोनवर सात जागांची यादी वाचून दाखवली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाले, "ताई, सात होतील, पण बघून होणार नाय. चार करूया. ऊन कसं फिरतं, त्या हिशेबानं जाऊया." सगळ्या दिवसाची आखणी त्यांनी त्या एका वाक्यावर केली आणि ती तंतोतंत बरोबर निघाली.

ज्यांना हा विषय नवा आहे त्यांच्यासाठी थोडं सांगते. सडा म्हणजे कोकणातलं जांभ्याचं उघडं पठार. बसाल्टचा खडक ऊन-पावसानं युगानुयुगं कुजून जांभा होतो. त्यातलं लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहतं आणि लोहामुळे त्याचा रंग तांबूस होतो. या आडव्या कातळावर माणसांनी हत्ती, वाघ, मासे, पक्षी, माणसं आणि नुसत्या भौमितिक आकृत्या कोरून ठेवल्यात. रत्नागिरीतले सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि डॉ. सुरेंद्र ठाकूरदेसाई यांनी गावोगाव पायपीट करून, गुराख्यांना आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांना विचारून शेकडो चित्रं उजेडात आणली. मार्च २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत यांतल्या नऊ जागा गेल्या. उक्षी, जांभरूण, कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू आणि देवाचे गोठणे या सात रत्नागिरी जिल्ह्यातल्या, कुडोपी सिंधुदुर्गातली आणि फणसमाळ गोव्यातली. चित्रं नेमकी किती जुनी, यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही. पण शेतीचं एकही दृश्य त्यांत सापडत नाही आणि गेंड्यासारखे आज कोकणात नसलेले प्राणी मात्र दिसतात. त्यामुळे शिकार करून जगणाऱ्या माणसांपर्यंत हा धागा जातो, असं मानलं जातं.

आता दिवसाकडे येते.

पहाटे साडेपाचला रत्नागिरी सोडली. पावस, पूर्णगडचा पूल, गावखडी आणि मग कशेळी. खाडीवरून जाताना अजून अंधारच होता. सूर्य वर यायच्या आधी सड्यावर असायचं, हा दादांचा हट्ट. मुलगी कुरकुरत होती, सासरे मात्र सगळ्यांच्या आधी तयार होऊन बसले होते.

कशेळीला दादांनी आम्हाला एका जागी उभं केलं आणि विचारलं, "काय दिसतंय?" काही नाही. काळपट कातळ, फटींत वाळलेलं गवत. तेवढ्यात सूर्य वर आला. किरणं कातळाला घासून येऊ लागली आणि रेषेच्या एका काठाला बारीकशी सावली धरली. दादांनी चपला काढल्या आणि रेषेच्या बाहेरून चालू लागले. "हा पाठीचा कणा... हा मागचा पाय... आता इथनं सोंड." ते चालत होते आणि त्यांच्या मागे हत्ती उमटत होता. सुमारे अठरा मीटर लांब, तेरा मीटर रुंद. माणसाच्या उंचीवरून तो एका नजरेत मावत नाही, तुकड्या-तुकड्यानं बघून मनात जोडावा लागतो. आणि एकदा जोडला की त्याच्या अंगात भरलेली चित्रं दिसायला लागतात. मासे, जनावरं, एकात एक गुंतलेली. मुलगी गुडघ्यांवर बसून मोजायला लागली. एकवीसपर्यंत गेली आणि मग तिला वाटलं की आपण काही दोनदा मोजले, म्हणून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. आम्ही तिथे सव्वा तास होतो. मला अजून तासभर चाललं असतं.

ज्यानं हे कोरलं, त्यालाही ते एका नजरेत कधी दिसलं नसणार. त्यालाही चालावंच लागलं असणार. ही गोष्ट माझ्या मनातून दिवसभर गेली नाही.

साडेआठच्या सुमारास खाली कनकादित्याच्या देवळात गेलो. सूर्याची देवळं आपल्याकडे विरळा, त्यात हे जुनं नांदतं देऊळ. शिलाहार भोजराजाचा ११९१ सालचा ताम्रपट इथला. एरवी आठशे वर्षं म्हणजे केवढा काळ वाटतो! हत्ती बघून आल्यावर तो काल-परवाचा वाटला. देवळाच्या सावलीत बसून डबे उघडले. कशेळीत समुद्राच्या अंगाला देवघळी म्हणून कड्याखालची घळ आहे, तीही बघण्यासारखी आहे, पण आम्ही उन्हाच्या हिशेबात ती सोडली.

देवीहसोळला पोचेपर्यंत दहा वाजून गेले. इथलं चित्र प्राण्याचं नाही. मोठा चौकोन आणि त्याच्या आत वळणं, वर्तुळं, रेषांची गुंतागुंत. आर्यादुर्गेच्या देवळाच्या जवळच. नवऱ्याला हेच सगळ्यात आवडलं. मला तितकं नाही, पण त्याची कोरणी खोल आहे आणि चढत्या उन्हातही ती दिसते, म्हणून ही वेळ या जागेसाठी राखायची. एका पुसट कोपऱ्यासाठी दादांनी मोठी काळी छत्री उघडून सावली केली आणि विजेरी कातळाला जवळजवळ टेकवून आडवी धरली. क्षणात रेषा उभ्या राहिल्या. ही युक्ती लक्षात ठेवा. छत्री आणि विजेरी दोन्ही घरून न्या.

एक दुखरी गोष्टही सांगायला हवी. त्या दिवशी एका जागी कुणीतरी फोटोत उठून दिसाव्यात म्हणून रेषांमध्ये खडू भरला होता. दादा काही बोलले नाहीत, नुसते बघत राहिले. जांभा सच्छिद्र असतो, आत गेलेलं सहज निघत नाही. खडू, चुना, रंग, रांगोळी, काही म्हणजे काही लावू नका. पाणीही ओतू नका. आणि रेषेवर पाय देऊ नका. आमच्या दादांचा नियम असा की चित्राच्या हद्दीत शिरताना चपला बाहेर काढायच्या. सकाळी हे सोपं आहे. अकरानंतर मात्र कातळ तव्यासारखा तापतो, तेव्हा जाड सुती मोजे बरोबर असू द्या. त्यांना कुसळं चिकटतात, ती संध्याकाळी बसून वेचावी लागतात, पण पाय वाचतात.

जेवण आडिवऱ्याजवळ एका घरी. आदल्या दिवशी फोन करून सांगितलं होतं, तसं सांगावंच लागतं. ऐनवेळी गेलात तर काही मिळेल याची खात्री नाही. तांदळाची भाकरी, कुळथाचं पिठलं, भात, सोलकढी. सासऱ्यांनी जेवून ओसरीवर अर्धा तास डुलकी काढली. साठीच्या पुढचं माणूस बरोबर असेल तर ही विश्रांती आखणीतच धरा. वाटेत स्वच्छतागृह म्हणाल तर असं घर किंवा देऊळ एवढाच आधार, सड्यावर काही नाही. बायकांनी हे आधीच दादांना स्पष्ट विचारून घ्यावं, संकोच करू नये.

दुपारी देवाचे गोठणे. ही जागा दुपारसाठी का, तर भार्गवरामाचं देऊळ गार सावलीत आहे आणि तिथे दोन वाजेपर्यंत निवांत बसता येतं. परशुरामाची देवळं महाराष्ट्रात थोडी, त्यातलं हे एक. पेशव्यांचे गुरू, धावडशीचे ब्रह्मेंद्रस्वामी यांच्याशी याचा इतिहास जोडलेला आहे. देवळात मोठी पोर्तुगीज घंटा आहे. सासरे इतिहासाचे शिक्षक होते, ते तिच्यासमोरून हलेनात. शिल्प वर सड्यावर. एकच माणूस, आडवा कोरलेला. इथलं वैशिष्ट्य चित्रापेक्षा वेगळं आहे: त्याच्या आसपास होकायंत्राची सुई भरकटते. दादांच्या खिशातलं जुनं होकायंत्र मुलीनं हातात धरलं आणि पावलागणिक ते उत्तर बदलत गेलं. ती दहा पावलं मागे जायची, सुई ठिकाणावर यायची, पुन्हा पुढे यायची. कोरणाऱ्याकडे होकायंत्र कुठलं? मग नेमकी हीच जागा कशी? तिनं हे दादांना विचारलं. दादा म्हणाले, "बाय माझे, मी चाळीस वर्षं हाच विचार करतोय." साधं सुईचं होकायंत्र बरोबर न्या, मोबाइलमधल्यापेक्षा त्यात मुलांना जास्त समजतं.

मधे रुंढे तळी करता आली असती. दादांनी घड्याळ बघितलं आणि नको म्हणाले. मला तेव्हा जरा रुखरुख लागली. बारसूला पोचल्यावर ती गेली.

बारसूचं नाव देशभर गेलं ते २०२३ साली, तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठी इथे माती परीक्षण सुरू झालं आणि गावकरी सड्यावर उतरले तेव्हा. गावात त्याविषयी वेगवेगळी मतं आहेत. कुणी आपणहून बोललं तर ऐकावं, आपण उकरून काढू नये. पण सड्यावर उभं राहिल्यावर एवढं कळतं की खालचा कातळ हलला की चित्रही गेलं. ते उचलून संग्रहालयात ठेवता येत नाही. चिरेखाणींमुळे किती चित्रं चिऱ्यांबरोबर घरांच्या भिंतींत गेली असतील, या विचारानं मला खरोखर गलबलून आलं.

साडेचार वाजता पोचलो. मधोमध माणूस, त्याच्या दोन बाजूंना दोन वाघ. दोन वाघांना थोपवणारा माणूस मोहेंजोदडोच्या मुद्रेवरही आहे, त्यामुळे अभ्यासक ही दोन्ही चित्रं शेजारी ठेवून बघतात. आम्ही गेलो तेव्हा चित्र अर्धंच उमटलं होतं. "जरा थांबा," दादा म्हणाले, "ऊन खाली आल्याशिवाय हा काय बोलायचा नाय." बसलो. कातळ अजून गरम होता, वारा मात्र गार सुटला. पाच वाजता वाघांची अंगं दिसली. सव्वापाचला माणसाचा हात. साडेपाचच्या पुढे सगळं चित्र काळ्या रेषांत लख्ख उभं होतं आणि आमच्या सावल्या त्याच्यावर पडू नयेत म्हणून आम्ही एकेक पाऊल मागे सरकत होतो. कुणी फोटो काढत नव्हतं. सूर्य बुडाला तशा रेषा परत कातळात गेल्या. मिटल्यासारख्या.

फोटोचं विचाराल तर ही शेवटची वीस मिनिटं आणि सकाळची पहिली वीस मिनिटं, एवढीच खरी. बाकी वेळी कॅमेरा पिशवीत ठेवा.

जाण्याची वेळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात सडा फुलांनी भरतो, सीतेची आसवं आणि तेरडा बघायला त्या वेळी जरूर जा, पण चित्रांत पाणी साचलेलं असतं आणि शेवाळावरून पाय घसरतो. मार्चनंतरचं ऊन लहान मुलांना आणि वयस्कांना सोसत नाही. माणशी दोन लिटर पाणी, टोपी आणि सहज काढता-घालता येतील असे बूट हवेतच. सड्यावर विडी-सिगारेट पेटवू नका. वाळल्या गवताला वणवा लागायला ठिणगी पुरते. पेट्रोल रत्नागिरीतच भरून घ्या. रेंजचा भरवसा नाही, म्हणून ठरलेली वेळ आणि ठिकाण आदल्या रात्रीच पक्कं करा. रेल्वेनं येणार असाल तर रत्नागिरीला उतरा. राजापूर रोड स्थानक राजापूर गावापासून बरंच लांब आहे.

उक्षी आणि जांभरूण याच दिवसात कोंबू नका. त्या जागा रत्नागिरीच्या वरच्या अंगाला आहेत, दक्षिणेच्या फेरीत त्या बसत नाहीत. त्यांच्यासाठी वेगळी सकाळ ठेवा. आम्ही दुसऱ्या दिवशी फक्त उक्षी केली. तिथल्या हत्तीभोवती गावकऱ्यांनी जांभ्याचा गोल गडगा, म्हणजे दगडी कुंपण, घातलाय. तो बघून फार बरं वाटलं.

पैशांचं बोलणं आधीच करा आणि जागांवर करू नका, दिवसावर करा. "चार दाखवल्या तर इतके, सहा दाखवल्या तर तितके" असं ठरवलंत की वाटाड्याला पळावं लागतं आणि बारसूच्या सड्यावर तासभर थांबायला कुणी उरत नाही. आम्ही गाडी आणि दादांचा दिवस असे दोन्ही मिळून एकरकमी ठरवले होते. निघताना दादांनी डिकीतून गोणपाटाची पिशवी काढली, दिवसभरात चारही सड्यांवरून वेचलेल्या पाण्याच्या बाटल्या आणि वेष्टनं तिच्यात होती. मुलीनं ती त्यांच्याकडून घेतली आणि राजापूर येईपर्यंत मांडीवर धरून बसली.