2011ची माणसं आणि आजचा ले-आउट: पंधराव्या आयोगाच्या निधीचा माझा अनुभव

पंधराव्या वित्त आयोगाने (केंद्राचा पैसा खाली कसा वाटायचा ते सुचवणारा आयोग) ठरवलेला, दिल्लीहून निघालेला पैसा आमच्या गावात पोचायचा तो 2011 साली इथे राहणाऱ्या माणसांच्या हिशोबाने. त्यानंतर नागपूरजवळच्या बुटीबोरी एमआयडीसीच्या या पट्ट्यात ले-आउटवर ले-आउट (शेतात पाडलेले घरांचे प्लॉट) पडले, भाड्याने राहणारे कामगार आले, वावरं गेली. मोजणी मात्र तीच. सरपंच झाल्यावर ले-आउटमध्ये नळाची पाइपलाइन टाकायला घेतली, तेव्हा मला हे समजलं.

शेजारच्या गावाला आमच्यापेक्षा जास्त निधी कसा, हे विचारायला पंचायत समितीत गेले. कोणाची तरी ओळख चालली असणार, असा माझा संशय. विस्तार अधिकाऱ्यांनी कागदच पुढे केला. पंधराव्या वित्त आयोगाने 2021 ते 2026साठी देशभरच्या ग्रामीण संस्थांना 2,36,805 कोटी रुपये ठेवलेले. राज्यांत वाटताना लोकसंख्येला 90 टक्के वजन, क्षेत्रफळाला 10. खाली गावापर्यंत येतानाही माप तेच. लोकसंख्या 2011ची, 2021ची जनगणना तर झालीच नाही. शेजारच्या गावाचं शिवार मोठं आणि तेव्हाची वस्तीही मोठी, एवढंच. ओळख वगैरे काही नव्हती. मग भांडायचं तरी कोणाशी?

ग्रामसभेत माजी सरपंच काकाजी म्हणाले, "आमच्या वेळी चौदाव्याचे सारे पैसे ग्रामपंचायतलेच येत होते." खरं आहे. पंधराव्यात ग्रामपंचायतीला 80 टक्के, पंचायत समिती आणि जिल्हा परिषदेला 10-10. त्यातही 60 टक्के बंधित, म्हणजे ठरलेल्या कामांनाच वापरायचे: निम्मे पाण्याला, निम्मे स्वच्छतेला. उरलेल्या 40 टक्क्यांवर सगळ्यांचा डोळा, कारण प्रत्येकाला आपल्या दारापुढे सिमेंट रस्ता पाहिजे. बंधितला सरपंच मंडळी नावं ठेवतात. मला तो बरा वाटला. तो नसता तर पाइप आलाच नसता, सगळा निधी सिमेंटात गेला असता.

ठराव झाला, आराखडा ई-ग्रामस्वराज या सरकारी पोर्टलवर चढला, अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, काम, सगळं रेटत रेटत पार पडलं. खरी परीक्षा बिलाला. इथे चेक चालत नाही. ग्रामसेवकाची आणि सरपंचाची, दोघांची डिजिटल सही लागायची. माझ्या सहीची मुदत नेमकी मार्चमध्ये संपली. नवीन होईपर्यंत ठेकेदार रोज ओसरीवर येऊन बसायचा. सर्व्हर रात्री मोकळा व्हायचा, म्हणून आमचा संगणक परिचालक पोरगा जेवून पुन्हा ऑफिसात जायचा आणि मी ओटीपी सांगायला जागी. एका रात्री बिल निघालं.

निधी वाढवणं माझ्या हातात नव्हतं. मग ले-आउटमधली सुटलेली घरं नमुना 8ला, म्हणजे घरपट्टीच्या नोंदवहीत, लावायला घेतली. घरपट्टी आज उभ्या असलेल्या घरावर बसते, तिला 2011शी घेणंदेणं नाही. कुरकुर झाली, पण नळ आलेला होता, त्यामुळे लोकांनी भरली. पुढच्याच ग्रामसभेत एक वहिनी पावती घेऊन उभ्या: "पट्टी भरली न बाप्पा, आता नाली कधी?"

नाली स्वच्छतेच्या बंधित निधीतून आराखड्यात घातली आहे. आता जुन्या वस्तीतले लोक माझ्यावर रुसलेत.