इंजिन बंद केलं आणि एक आवाज उरला

पावसाळा संपता संपता आमच्या जुन्या डिझेल गाडीचं स्टेअरिंग कुरकुरायला लागलं. वळवताना घुंऽऽ आणि मधूनच खालून 'टक'. तालुक्याच्या एका मिस्त्रीने गाडी जराशी फिरवून पाहिली आणि म्हणाला, पूर्ण स्टेअरिंग बॉक्सच, म्हणजे स्टेअरिंगच्या दांड्याखालची गिअरची पेटीच, नवी टाका. कापूस घरात यायच्या आधी एवढा पैसा कोणत्या कास्तकाराच्या हाती असतो? म्हटलं, आधी घरी पाहू.

आवाज कसा आहे यावर फार डोकं लावू नये. एकाच आवाजाला कोणी घुं म्हणतं, कोणी चर्र. तो कधी येतो ते पाहायचं. गाडी उभी असताना की खड्ड्यात? इंजिन चालू असतानाच की बंद असतानाही? शेवटचा प्रश्न सगळ्यात कामाचा. हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणाऱ्या, पॉवर स्टेअरिंगचा पंप इंजिनच्या पट्ट्यावर फिरतो. इंजिन बंद म्हणजे पंप आणि पट्टा दोन्ही गप्प. तरीही आवाज आला, तर तो बहुधा सांध्यांचा, नाहीतर स्टेअरिंगच्या दांड्याचा.

अंगणात सपाट जागी गाडी लावली, हँडब्रेक ओढला, मागच्या चाकांना दगड लावले. किल्ली 'ऑन'वर ठेवली, नाहीतर स्टेअरिंग लॉक होतं. पुतण्याला सीटवर बसवलं.

"पुरं नको फिरवू, जरासं इकडून तिकडं हलवत राय."

"काका, लय जड हाय हे!"

जड लागणारच, पंपाचा जोर नव्हता. पण घुं गेला होता आणि टक तसाच होता. म्हणजे आवाज दोन होते, आणि मिस्त्रीने दोन्हींची एकच मोट बांधली होती.

टक शोधायला चाकाच्या आतून एकेका सांध्यावर हात ठेवत गेलो. बोटं चिमटणार नाहीत असा, वरून. डाव्या टाय रॉड एन्डवर, म्हणजे चाक वळवणाऱ्या दांड्याच्या टोकाच्या सांध्यावर, हाताला सरळ धक्का जाणवला, उजवा गप्प. मग ते चाक जॅकवर उचललं आणि गाडीखाली बाभळीचा जाड ओंडका सरकवला. नुसत्या जॅकच्या भरवशावर कोणी खाली हात घालू नये. घड्याळातल्या नऊ आणि तीनच्या जागी चाक धरून हलवलं तर खडखडलं. बारा आणि सहाच्या जागी धरल्यावर हललं नाही. तिथे हललं असतं तर संशय व्हील बेअरिंगवर किंवा बॉल जॉइंटवर गेला असता. टाय रॉडच्या रबराची टोपी फाटलेली होती. वावराच्या पांदणीत आमची काळी माती चाकाला थापून बसते; ती आत शिरली, ग्रीस खाल्लं आणि सांधा घासला. पावसाळ्यानंतर ही रबरं पाहून घ्यावीत, एवढं मी आता गावात सगळ्यांना सांगत असतो, ऐकत कोणी नाही.

घुंचं काम सोपं निघालं. पॉवर स्टेअरिंगच्या डबीतलं तेल खालच्या खुणेच्याही खाली होतं आणि त्यावर फेस होता. फेस म्हणजे तेलात हवा. पंप हवा ओढतो आणि कण्हतो. पट्टा सैल असता तर आवाज बारीक, किंचाळल्यासारखा आला असता. डबीतून पंपाकडे जाणाऱ्या नळीची क्लिप ढिली होती, भोवती तेलाने चिकटलेली धूळ. क्लिप नवी टाकली. डबीच्या झाकणावर लिहिलेलं तेलच आणलं. ब्रेक ऑइल यात चालत नाही, रबरी सील खराब होतात. पुढची दोन्ही चाकं उचलून, खाली ओंडके देऊन, इंजिन बंद ठेवून स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवत राहिलो. बुडबुडे येतात, पातळी उतरते, पुन्हा तेल टाकायचं. बुडबुडे थांबल्यावरच इंजिन सुरू केलं.

टाय रॉड मात्र मी घरी बदलला नाही. तो सुटला तर चाक आपल्या मनाने वळतं. शिवाय बदलल्यावर अलाइनमेंट, म्हणजे चाकं सरळ रेषेत जुळवणं, करावंच लागतं, नाहीतर टायर एका बाजूने झिजतो. हळूहळू चालवत दारव्ह्यात नेऊन तो बसवून घेतला आणि तिथून यवतमाळला जाऊन अलाइनमेंट केलं. बॉक्स जुनाच आहे.

आता स्टेअरिंग पूर्ण टोकाला गेलं की किंचित सूं येतो. तो पंपाचा दाब सोडणाऱ्या वाल्वचा, असायचाच. फक्त तसं पाच सेकंदांच्या वर धरून ठेवत नाही, तेल तापतं. क्लिपपाशी अधूनमधून फडकं फिरवून पाहतो. अजून तरी कोरडं आहे.