मिठाईच्या खोक्यापासून हळदीच्या कार्टनपर्यंत : आमची वाटचाल

सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीत आमचं काम सुरू झालं ते मिठाईच्या खोक्यांवर. पेढे दोन-तीन दिवसांत संपतात आणि खोकं कचऱ्यात जातं. त्याचं झाकण दहाव्या वेळी नीट बसतं का, हा प्रश्न कुणाला पडत नाही. हळद पावडर आणि बेदाण्याची कामं यायला लागली तेव्हा तो पडला. दोनशे ग्रॅम हळद घरात महिना-दीड महिना पुरते. कार्टन रोज उघडलं जातं, बऱ्याचदा ओल्या हाताने. छपाई कितीही देखणी असली तरी आठवड्याभरात झाकण आ वासून उभं राहिलं, की गिऱ्हाईक हळद बरणीत ओतून कार्टन फेकून देतं.

पहिला बदल केला तो बोर्डात. मिठाईच्या खोक्याला ग्रे बॅक डुप्लेक्स (वरून पांढरा, मागून करडा बोर्ड) चालून जातो, कारण आत बटर पेपर असतो आणि घडी एकदाच पडते. पण ग्रे बॅकचे आतले थर रद्दीपासून बनतात. पुन्हापुन्हा वापरलेले तंतू आखूड असतात, त्यामुळे सारख्या उघडझापीत क्रीजवरचा, म्हणजे घडीच्या रेघेवरचा, पांढरा थर तडकतो. शिवाय रद्दीत छापील वर्तमानपत्रं असतात आणि त्यांच्या शाईतलं खनिज तेल खाद्यपदार्थात उतरू शकतं. म्हणून हळद-बेदाण्यासाठी आम्ही लाकडाच्या ताज्या तंतूंच्या फोल्डिंग बॉक्स बोर्डवर आलो : दोनशे ग्रॅमला ३०० जीएसएम (एका चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन), अर्ध्या किलोला ३५०. भाव ऐकून गिऱ्हाईक दचकतं. पण तेवढ्याच वजनात हा बोर्ड डुप्लेक्सपेक्षा जाड भरतो, आणि ताठपणा जाडीच्या साधारण घनाच्या प्रमाणात वाढतो. त्यामुळे बऱ्याच कामांत जीएसएम एक पायरी खाली आणता येतं आणि भावातला फरक थोडा भरून निघतो.

एफएसएसएआयचे, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे, पॅकेजिंगचे नियम २०१८ चे आहेत. छापील बाजू अन्नाला लागता कामा नये आणि शाई आयएस १५४९५ या भारतीय मानकाप्रमाणे हवी, हे त्यात स्पष्ट आहे. यावर वाद घालणाऱ्याचं काम आम्ही घेत नाही.

माप काढताना ‘दोनशे ग्रॅमचं कार्टन’ असं काही नसतं. दळण बारीक की जाड यावर घनफळ बदलतं. मापाच्या नळीत १०० ग्रॅम पावडर घालायची, टेबलावर हलकी आपटून बसवायची आणि आकडा वाचायचा. समजा १८० मिली आला, तर २०० ग्रॅमला ३६०. आतल्या पाऊचची घडी आणि वरची मोकळी जागा यासाठी १५ टक्के वाढवले की ४१५ मिलीच्या आसपास येतं. ७५ × ४५ × १२५ मिमीमध्ये ४२२ मिली बसतं. आडवी बेरीज : ७५, ४५, ७५, ४४.५ आणि चिकटपट्टी १४, म्हणजे २५३.५ मिमी. शेवटची पाखी (कार्टनची बाजू) अर्धा मिमी कमी ठेवायची, नाहीतर पेस्टिंगनंतर कार्टन चौकोनी उभं राहत नाही. उभी बेरीज : १२५, वर ४५ चं झाकण आणि १५ ची आत जाणारी जीभ, खालीही तसंच, म्हणजे २४५. जीभ आत खोचून बंद होणाऱ्या टोकाला टक म्हणतात. रिव्हर्स टकची (वरचं आणि खालचं झाकण समोरासमोरच्या पाख्यांना) डाय, म्हणजे कापायचा आणि घड्या पाडायचा साचा, शीटवर एकमेकांत छान बसते आणि कागद वाचतो. पण त्यात एका टोकाची कापलेली कड दर्शनी बाजूला येते. दुकानात मांडायच्या मालाला आम्ही सरळ टक (दोन्ही झाकणं एकाच पाखीला) सुचवतो.

आता झाकण. आमचा सगळ्यात जास्त वेळ आणि रद्दी इथेच गेली.

बोर्डाला ग्रेन असतो, म्हणजे तंतू एका दिशेने पडलेले असतात. कार्टनच्या चार उभ्या क्रीज ग्रेनला आडव्या आल्या, म्हणजे तंतू कार्टनभोवती फिरले, तर पाखी फुगत नाही. पावडरला हे हवंच. पण मग झाकणाची बिजागरी ग्रेनला समांतर येते. ती सहज दुमडते, मात्र घड्या कमी सोसते, आणि फाटायला सुरुवात टोकांपासून होते. शीट वाचवण्यासाठी डाय फिरवून लावली की हा हिशेब उलटतो : बिजागरी दणकट, पण पोट बाहेर. फुगलेल्या पाखीत जीभ बसत नाही, म्हणून आम्ही ग्रेन आडवाच ठेवतो आणि बिजागरीच्या दोन्ही टोकांना कोन न ठेवता १ मिमीची गोलाई देतो.

क्रीजची मापं अंदाजाने घ्यायची नसतात. बोर्ड ०.४५ मिमी जाड आहे. डायमधली कटिंग पत्ती २३.८ मिमी उंच असते, त्यामुळे क्रीज पत्ती २३.३ च्या घरात हवी. पत्तीची जाडी ०.७१ असेल, तर मॅट्रिक्सची (क्रीज पत्ती जिच्यात बोर्ड दाबते त्या खालच्या पट्टीची) खाच त्यात बोर्डाच्या जाडीची दीडपट मिळवून येते : १.४ मिमी. खोली बोर्डाइतकी. ग्रेनला समांतर क्रीजला खाच ०.१ मिमीने अरुंद चालते. खाच रुंद झाली की घडी बोथट पडते आणि झाकण स्प्रिंगसारखं वर येतं. अरुंद झाली की वरचा थर पंचिंगलाच, म्हणजे डाय दाबतानाच, फुटतो. चांगल्या क्रीजला मागच्या बाजूने सरळ, दोन्हीकडे सारखा फुगवटा येतो. मशीनवर पहिलं शीट निघालं की रंग बघण्याआधी शीट उलटं करून तो फुगवटा बोटाने चाचपायचा.

नुसत्या घर्षणावर जीभ टिकत नाही. हवेत ओल वाढली की बोर्ड नरम पडतो. म्हणून स्लिट लॉक : झाकण आणि जीभ यांच्यातल्या क्रीजच्या दोन्ही टोकांना ६ मिमीचा काप, आणि बाजूच्या डस्ट फ्लॅपला (झाकणाखाली दुमडणाऱ्या छोट्या पाखीला) खांदा. झाकण बंद झालं की खांदा कापात अडकतो आणि ‘टक’ असा आवाज येतो. तो आवाज आला नाही, तर खांदा चुकीच्या जागी आहे. डस्ट फ्लॅप आम्ही ३० मिमी लांब ठेवतो. ३७.५ च्या पुढे गेले तर दोन फ्लॅप एकमेकांवर चढतात आणि झाकण वर उचलतात. खांद्याची धार उघडझापीने गोल होते, तिथे वॉर्निश नको. वॉर्निशने बोर्ड घसरतो आणि लॉक सुटतो.

१ जुलै २०२२ पासून मिठाईच्या खोक्यावरची प्लॅस्टिक फिल्म बंद झाली. त्याआधी खोकं कुणी उघडलं नाही याची खूण ती फिल्मच होती. मग ते काम बोर्डालाच द्यावं लागलं. आम्ही झाकणाची जीभ १५ ऐवजी ४० मिमी केली आणि तिचे तीन भाग पाडले : १५ झाकणालगत, १० ची फाडायची पट्टी, शेवटचे १५ समोरच्या पाखीवर बाहेरून चिकटवायचे. पट्टी ओढली की झाकणालगतचे १५ मिमी मोकळे होतात, आणि पुढे तेच रोजची आत जाणारी जीभ बनतात. हीच रचना हळदीच्या कार्टनला घेतली, तेव्हा उभी बेरीज २४५ वरून २७० झाली. पट्टी ग्रेनच्या दिशेने जाते म्हणून सरळ फाटते. पट्टीच्या कडेचे काप ६ मिमी आणि दोन कापांमधला न कापलेला पूल १ मिमी ठेवला की भरताना फुटत नाही आणि ओढताना अडत नाही. कापणारी पत्ती बोथट झाली की वरचा थरच सोलून निघतो आणि पट्टी अर्ध्यात तुटते. हा दोष लॅमिनेशन केलेल्या मालात जास्त दिसतो. पत्ती बदलणं हाच उपाय. पत्तीमागे टेप लावून मशीन पुढे रेटण्यात अर्थ नाही.

चिकटवायच्या जागी लॅमिनेशन किंवा वॉर्निश असलं की गोंद धरत नाही. वॉर्निशची प्लेट तिथे कोरी ठेवायची. लॅमिनेशन असेल तर डायमध्ये बारीक टोचण्या द्यायच्या, म्हणजे गोंद तंतूंपर्यंत उतरतो. पावसाळ्यात गोंद वाळायला वेळ लागतो, त्यामुळे गठ्ठे लगेच आवळायचे नाहीत. सकाळी एक जोड हाताने उचकटायचा. कागदाचे तंतू फाटून आले तर माल पुढे जातो.

चाचणीला यंत्र मोठं लागत नाही. नमुने २७ अंश आणि ६५ टक्के आर्द्रतेत एक दिवस ठेवायचे, पाऊच भरून बसवायचे आणि ४० वेळा उघडझाप करायची. चाळिसाव्या वेळी कार्टन उलटं धरलं तर झाकण सुटता कामा नये. हळदीच्या कार्टनमध्ये पावडर सांडून कापात बसते, म्हणून चाचणी पावडरसकटच करायची. कोऱ्या कार्टनवर पास झालेला लॉक पंधराव्या वेळी अडकलेला आम्ही पाहिलाय. कार्टन हवाबंद नसतं, हेही गिऱ्हाइकाला आधीच सांगावं. वास, ओल आणि उजेडाने हळदीचा रंग उडणं, हे सगळं आतल्या पाऊचने रोखायचं. कार्टनने त्याची दुमडलेली घडी दाबून धरायची, इतकंच.

बेदाण्याला हेच गणित थोडं बदलतं. अर्धा किलो वजन खाली बसतं, म्हणून तळाला टक नको. तिथे एक-दोन-तीन लॉक (तळाच्या पाख्या हाताने एकमेकांत अडकवायच्या) आणि एक किलोला ऑटो लॉक (आधीच चिकटवलेला, कार्टन उघडलं की आपोआप बसणारा तळ). आमच्याकडे आणि तासगावला बेदाणा कोल्ड स्टोरेजमध्ये राहतो. थंड माल थेट बाहेर काढून भरला की पाऊचवर दव जमतं आणि कार्टनचा तळ ओला होऊन सुटतो. दोष तळाच्या लॉकवर येतो. माल खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मग भरा.

नवीन काम आणताना रिकाम्या पाऊचचं माप सांगू नका. भरून सील केलेले पाच पाऊच आणा. सील झाल्यावर पाऊच रुंदीत आक्रसतो आणि जाडीत फुगतो, आणि डाय त्या फुगलेल्या मापावर बनवावी लागते.